थंड करतं ते पाणीच

इंजिनाखाली पसरट भांडं सरकवायचं आणि वॉटर पंपाचा ड्रेन बोल्ट सैल करायचा. आधी नुसते थेंब पडतात. मग वर रेडिएटरची कॅप उघडली, हवेला वाट मिळाली, की एकदम पिचकारी सुटते आणि ती हमखास भांड्याच्या बाहेर जाते. माझ्या मोटारसायकलमधून पहिल्यांदा कूलंट काढलं तेव्हा ते चार वर्षांचं होतं आणि तरीही हिरवंगार होतं. गाळून परत ओतावं की काय, असा मोह झाला होता.

कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारं काहीतरी खास रसायन, असं नावावरून वाटतं. पण थंड करायचं काम मुख्यतः पाणीच करतं. एक किलो पाणी एका अंशाने तापवायला सुमारे 4.2 किलोज्यूल उष्णता लागते. इतकी उष्णता पोटात घेणारे द्रव फार थोडे. कूलंटमधल्या इथिलीन ग्लायकॉलला सुमारे 2.4 किलोज्यूल पुरतात. म्हणजे ग्लायकॉल घालून आपण पाण्याची ताकद कमीच करतो.

तरी घालतो, कारण नुसतं पाणी 100 अंशांना उकळतं, शून्याला गोठतं आणि गोठताना साधारण 9 टक्के फुगून सिलिंडर ब्लॉकलाही तडा देऊ शकतं. निम्मं पाणी, निम्मं ग्लायकॉल असलं की मिश्रण उणे 37 अंशांच्या आसपास गोठतं आणि 107च्या आसपास उकळतं. शिवाय रेडिएटर कॅपमधली स्प्रिंग आत सुमारे 1.1 बारचा जास्तीचा दाब धरून ठेवते, त्यामुळे उकळबिंदू 125च्याही वर जातो. गरम इंजिनाची कॅप उघडायची नाही ती याचसाठी. आत 110 अंशांवर निवांत असलेला द्रव दाब सुटताच उकळून तोंडावर येतो.

मग ग्लायकॉल जास्त घातलं तर आणखी चांगलं? नाही. शुद्ध ग्लायकॉल उणे 13 अंशांनाच गोठतं, म्हणजे मिश्रणापेक्षा कितीतरी आधी. रोल्स-रॉइसच्या मर्लिन या विमान इंजिनात सुरुवातीला शुद्ध ग्लायकॉल वापरत. पुढे ते 30 टक्क्यांवर आणलं, उरलेलं 70 टक्के पाणी आणि वर दाब.

खरी गोम आहे ती बाटलीतल्या उरलेल्या थोड्या टक्क्यांत, म्हणजे गंजरोधकांत. इंजिनात अ‍ॅल्युमिनियम, पोलाद, कुठे पितळ असे वेगवेगळे धातू एकाच गरम द्रवात बुडालेले असतात. म्हणजे आयती बॅटरीच, आणि तिच्यात झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. सिलिकेट असलेलं कूलंट धातूवर चटकन थर चढवतं, पण सिलिकेट लवकर संपतं. सेंद्रिय आम्लांवर आधारलेलं कूलंट जिथे गंज धरू लागतो तिथेच मुख्यतः काम करतं, म्हणून जास्त टिकतं. सिलिकेटचे कण वॉटर पंपाचं सील घासतात, अशा कारणाने मोटारसायकलींच्या कितीतरी मॅन्युअलमध्ये सिलिकेटविरहित कूलंट सांगितलेलं असतं. तेव्हा बाटली घेताना रंग बघू नका, मागचा बारीक मजकूर वाचा. हिरवा, निळा, गुलाबी हा नुसता रंग असतो. सगळ्या कंपन्यांना बांधून घेणारा त्याचा नियम नाही.

त्या हिरव्यागार कूलंटच्या बाबतीत मी इथेच फसत होतो. रंग टिकतो, गंजरोधक संपतात. उष्णता आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे ग्लायकॉलचीही हळूहळू आम्लं होतात. म्हणून मॅन्युअलमध्ये दोन-तीन वर्षं लिहिलेली असतील, तर गाडी उभी राहिली असली तरी ती मोजायची.

बदलताना बहुतेकांची चूक होते ती पाण्यात. नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम सर्वांत तापलेल्या जागी, सिलिंडर हेडमध्ये, जाऊन बसतं आणि तो थर उष्णता अडवतो. त्यामुळे डिस्टिल्ड वॉटरच घ्यावं. पण त्याने इंजिन धुतलं तरी थोडं पाणी कोपऱ्यांत राहतंच. एकूण दीड लिटरच्या व्यवस्थेत 200 मिली राहिलं आणि वरून तयार निम्मं-निम्मं मिश्रण ओतलं, तर ग्लायकॉल 43 टक्क्यांवर येतं. धुवायचंच असेल तर मला काँसन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, बरं वाटतं, त्यात राहिलेल्या पाण्याचा हिशेब धरता येतो.

नवं कूलंट अगदी सावकाश ओतावं. आत हवा अडकली तर त्या जागी धातूची उष्णता न्यायला द्रवच नसतो. नळ्या हाताने दाबत राहायचं, गाडी डावी-उजवीकडे कलवायची, मग कॅप उघडी ठेवून थंड इंजिन सुरू करायचं. थर्मोस्टॅट, म्हणजे द्रव तापल्यावर रेडिएटरची वाट मोकळी करणारी झडप, उघडेपर्यंत बुडबुडे येत राहतात आणि मग पातळी एकाएकी खाली जाते. तेवढी भर घालून, द्रव उतू जायच्या आत कॅप लावायची. ड्रेन बोल्टचा वॉशर नवा घालायचा.

काढलेलं भांडं मात्र एक क्षणही उघड्यावर नको. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री ते चाटतात आणि शरीरात त्याचे ऑक्झलेटचे खडे होऊन मूत्रपिंडं निकामी होतात. मोरीत किंवा मातीत ओतू नये, बंद डब्यात भरून जुन्या ऑइलसारखं गॅरेजला द्यावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिझर्व्ह टँक बघा, पातळी थोडी उतरलेली असेल. ही गळती नव्हे, थंड होताना इंजिनाने ते आत ओढून घेतलेलं असतं. खुणेपर्यंत भरून टाका. आठवड्याने पुन्हा उतरली, तर वॉटर पंपाच्या खालच्या बारीक छिद्राला बोट लावून बघा. बोट ओलं झालं तर सील गेलंय.