नॉर्विचच्या विहिरीतल्या तीन बहिणी

2004 साली इंग्लंडमधल्या नॉर्विच शहरात एका शॉपिंग सेंटरसाठी खोदकाम सुरू असताना मध्ययुगीन विहीर लागली. तिच्यात किमान 17 जणांचे सांगाडे होते, त्यातली 11 मुलं. मोठ्यांची हाडं पडण्याच्या माराने मोडलेली, मुलांची मात्र तशी नव्हती. म्हणजे मोठ्यांना आधी टाकलं असावं आणि मुलं त्यांच्या अंगावर पडली असावीत. दफन असं कोणी करत नाही.

साथ किंवा दुष्काळाचे बळी असावेत, असंही आधी वाटलं होतं. 2022 साली लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधल्या सेलिना ब्रेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातल्या सहा जणांचा डीएनए वाचला. सख्ख्या भावंडांचा साधारण निम्मा डीएनए जुळतो. त्यावरून तिघी सख्ख्या बहिणी निघाल्या: थोरली तरुण, मधली 10 ते 15 वर्षांची, धाकटी 5 ते 10 वर्षांची. तीन वर्षांच्या आतला एक मुलगाही होता. जनुकांवरून त्याचे डोळे निळे आणि केस लाल असावेत. आजच्या लोकसमूहांपैकी या सहाही जणांशी सर्वांत जवळचं नातं दिसलं ते अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंशी.

कार्बन-डेटिंगने काळ आला 1161 ते 1216. याच काळात, 6 फेब्रुवारी 1190 रोजी, तिसऱ्या क्रुसेडला, म्हणजे जेरुसलेमसाठीच्या ख्रिश्चन धर्मयुद्धाला निघालेल्यांनी नॉर्विचमध्ये घरात सापडलेल्या ज्यूंना कापून काढलं. काहींनी किल्ल्यात आसरा घेतला म्हणून ते वाचले. तत्कालीन बखरकार राल्फ दे दिसेतो यानेच हे लिहून ठेवलंय. द्वेषाची पेरणी आधीच झाली होती. 1144 मध्ये विल्यम नावाचा मुलगा मेलेला सापडला आणि ज्यूंनीच त्याचा बळी दिला, अशी भाकडकथा याच शहरात रचली गेली. ती पुढे युरोपभर पसरली आणि शतकानुशतकं माणसं मारत राहिली. विहिरीतले मृतदेह नेमके 1190 चेच, हे डीएनए सिद्ध करू शकत नाही. पण वंश, काळ आणि ठिकाण, तिन्ही जुळतात; संशोधकांनाही हीच घटना सर्वांत संभाव्य वाटते.

ज्यू धर्मात कबरी उकरणं निषिद्ध असल्याने मध्ययुगीन ज्यूंचा डीएनए फार दुर्मिळ. म्हणून या सहा जणांनी एक जुना अंदाजही बदलला. अश्केनाझींमध्ये काही आनुवंशिक आजार जास्त आढळतात, कारण कधीकाळी त्यांची संख्या फार घटली होती आणि उरलेल्या मोजक्यांची जनुकं पुढच्या पिढ्यांत पसरली. ही घट 500 ते 700 वर्षांपूर्वीची मानली जायची. पण त्या आजारांची जनुकं नॉर्विचच्या सांगाड्यांतही मिळाली. म्हणजे ती घट बाराव्या शतकाच्याही आधीची.