मार्क आणि रेक्टो: नॉब तेच, टोन वेगळा

"मला मेसाचा टोन पाहिजे," असं कुणी म्हणालं की पहिला प्रश्न विचारायचा: कुठला मेसा? मेसा बूगी या अमेरिकी गिटार अँप कंपनीच्या एकाच नावाखाली हाय-गेनची, म्हणजे जोरदार फाटणाऱ्या आवाजाची, दोन घराणी आहेत, मार्क आणि रेक्टिफायर (बोलीत रेक्टो). दोन्हींच्या धर्तीवरचे प्रीअँप (अँपचा आवाज घडवणारा पहिला भाग) आता पेडलएवढ्या किंवा रॅकमध्ये सरकवायच्या मॉड्यूलमध्ये मिळतात. दोन्हींवर गेन, बेस, मिड, ट्रेबल, मास्टर हेच नॉब. सांगली-मिरजेतली वाजवणारी पोरं ती शेजारी ठेवतात, सगळे नॉब मधोमध आणतात, एक पाम म्यूटचा (तळहाताने तार दाबून छेडलेला) रिफ वाजवतात आणि निकाल देतात: मार्क नाकात बोलतो, रेक्टो भारी.

हा निकाल मला मान्य नाही. नॉब मधोमध ठेवले की दोघांना सारखी संधी मिळाली असं वाटतं, पण तसं होत नाही. नॉब तेच असले तरी सर्किटमध्ये त्यांची जागा वेगळी आहे, आणि सगळा फरक तिथूनच सुरू होतो.

मार्कचं मूळ फेंडर कंपनीच्या अँपमध्ये आहे. मेसाच्या संस्थापकाने, रँडल स्मिथने, १९६० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात फेंडरचे छोटे प्रिन्स्टन अँप उघडून त्यांची ताकद वाढवायला सुरुवात केली. पुढे त्याने प्रीअँपमध्ये गेनचे टप्पे एकामागे एक जोडले. फेंडरमध्ये टोनचे नॉब पहिल्या ट्यूबनंतर लगेच येतात. ती जागा मार्कमध्ये तशीच राहिली आणि जादा गेन त्यापुढे लागला. म्हणजे सिग्नल आधी बेस-मिड-ट्रेबलमधून जातो आणि मग फाटतो.

रेक्टिफायर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आला. त्याच्या सर्किटचं जवळचं नातं सोल्डानो कंपनीच्या १९८७ च्या एसएलओ-१०० अँपशी आहे. इथे उलटं घडतं. सिग्नल ट्यूबच्या टप्प्याटप्प्यांतून फाटत येतो, मग कॅथोड फॉलोअर (आवाज न वाढवता सिग्नल पुढे रेटणारा ट्यूबचा टप्पा) लागतो, आणि टोनचे नॉब मार्शल अँपसारखे त्याच्याही नंतर.

आता बेसचं काय होतं ते बघा. गिटारची खालची ई तार सुमारे ८२ हर्ट्झची, ड्रॉप डी केली (डी स्वरापर्यंत उतरवली) तर ७३. या खालच्या लाटा मोठ्या असतात. त्या गेनच्या टप्प्यात जशाच्या तशा शिरल्या तर ट्यूबची सगळी जागा त्याच व्यापतात आणि वरचे स्वर त्यांच्याबरोबर कापले जातात. शिवाय ट्यूबच्या ग्रिडमधून (सिग्नल शिरतो त्या टोकातून) करंट वाहायला लागला की आधीचा, दोन टप्पे जोडणारा कपलिंग कपॅसिटर चार्ज होतो, आणि तो उतरेपर्यंत ट्यूब ताळ्यावर येत नाही. भरभर पाम म्यूट मारताना हा उशीर कानाला स्पष्ट कळतो. नोटेचा हल्ला (सुरुवातीचा ठोसा) बोथट होतो आणि नोटा एकमेकींत मिसळतात.

म्हणून मार्कवर बेसचा नॉब एक-दोनच्या वर नेऊ नये. ट्रेबल मात्र सातपर्यंत खुशाल न्यावा, कारण फाटण्याच्या आधी बसलेला ट्रेबल हा अर्धा गेनच असतो. एवढं केल्यावर आवाज बारीक लागतो, आणि बरेच जण इथेच हात टेकतात. पण काम अजून बाकी आहे. मूळ मार्क अँपवर ८०, २४०, ७५०, २२०० आणि ६६०० हर्ट्झच्या पाच पट्ट्यांचा ग्राफिक इक्वलायझर मिळतो, तो डिस्टॉर्शननंतर. ८० ची पट्टी वर न्यायची, ७५० ची खाली. आधी काढून घेतलेला बेस इथे परत द्यायचा, आणि तो स्वच्छ मिळतो. तुमच्या मॉड्यूलवर या पट्ट्या नसतील तर मॉड्यूलच्या नंतर इक्वलायझर पेडल लावा. त्याशिवाय मार्कबद्दल मत बनवणं मला अन्याय वाटतो.

रेक्टोची मजा दाण्यात आहे. त्याच्या एका टप्प्यात कॅथोडला (ट्यूबच्या एका टोकाला) ३९ किलोओहमचा रेझिस्टर असतो. नेहमीच्या गेन टप्प्यात तो दीड किलोओहमच्या आसपास असतो, मार्शल २२०३ च्या अशाच टप्प्यात १०. एवढ्या मोठ्या रेझिस्टरमुळे ट्यूब जवळजवळ बंद पडायच्या काठावर चालते. लाटेची एक बाजू लवकर कापली जाते, दुसरी बराच वेळ मोकळी राहते, आणि त्यातून भरड, खरखरीत पोत येतो. मिरजेत तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढताना ज्यांनी लक्ष देऊन ऐकलं आहे, त्यांच्या कानाला हा हार्मॉनिक्सचा दाणा लगेच सापडेल.

पण रेक्टोत बेस आधी फाटून आलेला असतो. नंतरचा नॉब तो कमी-जास्त करेल, घट्ट करणार नाही. त्यासाठी गिटार आणि मॉड्यूलच्या मध्ये ट्यूब स्क्रीमरसारखं ओव्हरड्राइव्ह पेडल लावतात, ड्राइव्ह शून्यावर आणि लेव्हल वर. ते पेडल सुमारे ७२० हर्ट्झच्या खालचा भाग गेनला लागण्याआधी उतरवतं. मार्कचा बेस नॉब जे काम करतो, ते इथे बाहेरून करून घ्यावं लागतं.

खोलीचाही विचार करा. कुपवाड एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये, ड्रम आणि बेस गिटारच्या जोडीला रेक्टोचा खालचा भाग पत्र्यालाच थरथरवत ठेवतो. तिथे वेगवान रिफसाठी मी मार्कच घेईन. संथ, जड, मोकळे कॉर्ड सोडायचे असतील तर रेक्टोला पर्याय नाही, तो भिंतीसारखा उभा राहतो.

आणखी एक गोष्ट विकत घेण्याआधी ध्यानात असू द्या. रेक्टिफायरच्या मॉडर्न मोडमध्ये पॉवर अँपचा निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा काही भाग उलटा परत देऊन आवाज आवरणारी जोडणी) काढून टाकलेला असतो, आणि तो उद्धट, सुटा आवाज बराचसा तिथून येतो. नुसतं प्रीअँप मॉड्यूल घेऊन कॅबच्या आयआरमधून (स्पीकर कॅबिनेटच्या आवाजाच्या डिजिटल नकलेतून) रेकॉर्ड केलंत तर हा भाग मिळत नाही. मार्कचा स्वभाव बहुतेक प्रीअँपमध्येच घडतो, म्हणून मॉड्यूलमध्ये तो जास्त शाबूत उतरतो.

हातात आलेलं मॉड्यूल कुठल्या घराण्याचं हे ओळखायचं असेल तर पाम म्यूट चालू ठेवून बेसचा नॉब दोनवरून आठवर न्या. आवाज जाड झाला पण पकड होती तशीच राहिली, तर तो रेक्टो. पकडच सुटली आणि नोटा पसरल्या, तर तो मार्क. मग नॉब परत दोनवर आणा.