खाल्लं आज, त्रास चौथ्या दिवशी

गल्लीतल्या कुत्र्यांना रोज खायला घालणाऱ्या माणसाला "अहो, रस्सा नका घालू" असं सांगून बघा. उत्तर ठरलेलं असतं: आमची कुत्री वर्षानुवर्षं हेच खातात, काही होत नाही त्यांना. सांगणारा खोटं बोलत नसतो. त्याला काही झालेलं दिसलेलं नसतं, एवढंच. घरातलं कुत्रं मलूल झालं की अर्ध्या तासात घरभर कळतं. रस्त्यावरचं आजारी पडलं की एखाद्या उभ्या टेम्पोखाली जाऊन पडून राहतं. दोन दिवस दिसलं नाही तर "गेलं असेल कुठेतरी". त्यात आपल्या स्वयंपाकघरातले जे पदार्थ कुत्र्यांना बाधतात, त्यांतले काही लगेच बाधतच नाहीत. रविवारचा रस्सा आणि गुरुवारची धाप यांचा संबंध कोण लावणार?

कांद्याचंच घ्या. कांदा-लसणाचा उग्रपणा ज्या गंधकयुक्त संयुगांमुळे असतो, त्यांच्यापासून पोटात गेल्यावर ऑक्सिडीकरण करणारे पदार्थ तयार होतात आणि ते तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला बिघडवतात. असा मारा परतवायला लागणारं कॅटलेज नावाचं विकर (एन्झाइम) कुत्र्याच्या तांबड्या पेशींत फार कमी असतं. बिघडलेल्या हिमोग्लोबिनच्या बारीक गाठी पेशीच्या कडेला चिकटतात. रॉबर्ट हाइन्झ या जर्मन संशोधकाने 1890 मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना 'हाइन्झ पिंड' म्हणतात. अशा पेशी काही आपोआप फुटतात, काही प्लीहा (पाणथरी) मोडीत काढते, आणि कुत्र्याला रक्तक्षय होतो. हे उघड दिसायला बऱ्याचदा तीन ते पाच दिवस जातात. मग हिरड्या फिक्या पडतात, थोडं चाललं तरी धाप लागते, लघवी लालसर तपकिरी होते.

प्रमाण किती? कुत्र्याच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त कांदा एका वेळी पोटात गेला तर धोका धरतात. 15 किलोच्या गावठी कुत्र्यासाठी हे झाले 75 ग्रॅम, म्हणजे एक मध्यम कांदा. चार माणसांच्या मटणाच्या वाटणात याहून जास्त कांदा सहज असतो. शिजवल्याने तो निर्धोक होत नाही. कांद्यात 87 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. परतताना ते उडतं आणि घातक संयुगं बरीचशी मागे राहतात. कांदा-लसूण मसाल्यात तर कांदा वाळवलेलाच असतो, आणि लसूण वजनाला वजन कांद्यापेक्षा तीव्र. शिवाय गल्लीतल्या कुत्र्याला एकच घर जेवायला घालत नाही. प्रत्येक घराला वाटतं आपण चमचाभरच घातलं, पण कांदा थोडा थोडा रोज गेला तरी नुकसान साचत जातं.

द्राक्षांची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. द्राक्षं किंवा बेदाणे खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात, हे 2001 च्या सुमारास अमेरिकेतल्या 'एएसपीसीए' या प्राणिकल्याण संस्थेच्या विषबाधा केंद्रातल्या पशुवैद्यांनी नोंदवलं. पण एक कुत्रं मूठभर खाऊन ठणठणीत आणि दुसरं थोडक्यात दगावतं, असं का, हे वीस वर्षं कोडंच होतं. उलगडा झाला तो मुलांच्या खेळण्यातल्या घरगुती मातीमुळे. त्या मातीत 'क्रीम ऑफ टार्टर' घालतात, आणि ती खाल्लेल्या कुत्र्यांची मूत्रपिंडं हुबेहूब तशीच बिघडली. क्रीम ऑफ टार्टर हा टार्टारिक आम्लाचा क्षार, आणि द्राक्षांत हे आम्ल भरपूर. वाणानुसार आणि पिकण्यानुसार ते कमी-जास्त होतं, म्हणून परिणामही बेभरवशाचा. कुत्र्याच्या मूत्रपिंडातल्या पेशी हे आम्ल आत घेतात, पण बाहेर टाकण्याची सोय त्यांच्याकडे तोकडी, त्यामुळे ते तिथेच साठतं, असं आज मानलं जातं. 2021 मध्ये हा तर्क मांडला गेला. त्यानंतर त्याच पशुवैद्यांनी आणखी एका पदार्थावर बोट ठेवलं: चिंच. चिंचेत टार्टारिक आम्ल ठासून भरलेलं असतं. आमटीच्या दोन घासांनी कुत्रं मरेल असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. चिंचेचा गोळा किंवा गोड चटणीची उरलेली वाटी मात्र त्याच्यापुढे ठेवू नये. आणि शिऱ्यातले, लाडवातले बेदाणे मोजत बसण्यापेक्षा तो प्रसाद आपणच खावा.

चॉकलेटचा बोभाटा जास्त, पण तिथे हिशेब नीट मांडता येतो. त्यातलं कुत्र्याला बाधणारं द्रव्य म्हणजे थिओब्रोमीन, आणि ते निम्मं व्हायला कुत्र्याच्या शरीरात साडेसतरा तास लागतात. 15 किलोच्या कुत्र्याला त्रास सुरू व्हायला दुधाचं चॉकलेट दीडशे ग्रॅमच्या आसपास लागेल, दोन किलोच्या पिल्लाला वीस ग्रॅम. कोको पावडर त्याच्या कितीतरी पट वाईट. साखरविरहित च्युइंगममध्ये गोडीसाठी घातलेलं झायलिटॉल सगळ्यांत झटपट: कुत्र्याच्या स्वादुपिंडातून एकदम इन्सुलिन सुटतं आणि तासाभराच्या आत रक्तातली साखर कोसळू शकते.

हे सगळं खरं, पण आपल्या गल्लीत रोज दिसतात ती शिजवलेली हाडं आणि बुरसलेलं अन्न. शिजलेलं हाड ठिसूळ होतं, त्याच्या टोकदार कपच्या निघतात आणि घशात किंवा आतड्यात रुततात. बिर्याणीच्या हाडांची पिशवी रिकामी करण्यात कसली आली भूतदया! बुरशी आलेला पाव "गाईला नको, कुत्र्याला घाल" म्हणून बाहेर जातो. काही बुरशींच्या विषाने काही तासांतच कुत्र्याला कंप आणि झटके येतात. खवट, बुरसट शेंगदाण्यांतलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष यकृतावर जातं. पिल्लांना गाईचं दूध हाही एक जुना गैरसमज. कुत्रीच्या दुधापेक्षा त्यात दुग्धशर्करा जास्त आणि स्निग्धांश निम्म्याहून कमी. त्याने जुलाब लागतात आणि अंगातलं पाणी कमी होऊन पिल्लं जातात.

मग घालायचं काय? भाकरी आणि भात खुशाल घाला. स्वीडिश संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं, की पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या उकिरड्यावर हजारो वर्षं जगल्याचा हा परिणाम असावा. सोबत उकडलेलं अंडं, हाडं काढलेलं चिकन, लाल भोपळा. फोडणी पडायच्या आधी त्याचा वाटा बाजूला काढला की काम झालं. पाणी मात्र रोज ताजं ठेवावं.

कुत्र्याने भलतंच काही खाल्लेलं दिसलं, तर उलटी व्हावी म्हणून मिठाचं पाणी पाजू नका. मिठाचीच विषबाधा होते. पशुवैद्याला फोन करून काय, अंदाजे किती आणि कधी खाल्लं ते सांगा, वेष्टन असेल तर जपून ठेवा. कांदा पोटात गेला असेल तर पुढचा आठवडाभर लक्ष ठेवा. हिरड्या बघायला ओळख नसलेल्या कुत्र्याचं तोंड उघडायला जाऊ नये, चावलं तर रेबीजच्या लशीची पाळी येईल. लघवीचा रंग लांबूनही दिसतो.