पॉप गाण्याला जॅझचा बाज: गोव्यातून पाहताना

गाजलेलं पॉप गाणं 1930च्या दशकातल्या जॅझ बँडसारखं वाजवायचं, हा प्रकार स्कॉट ब्रॅडली यांच्या 'पोस्टमॉडर्न ज्यूकबॉक्स'नं यूट्यूबवरून घरोघरी पोचवला. पण जॅझ मुळात उभं राहिलं तेच दुसऱ्यांच्या चालींवर. आज ज्यांना 'स्टँडर्ड' म्हणतात, म्हणजे जॅझवाले वारंवार वाजवतात ती ठरलेली गाणी, त्यांतली कितीतरी गाणी ब्रॉडवेच्या संगीतिकांतली, त्या काळी लोकांच्या तोंडी असलेली. सॅक्सोफोनवादक जॉन कोलट्रेन यांनी 1960मध्ये 'माय फेव्हरिट थिंग्ज' ध्वनिमुद्रित केलं, तेव्हा हे गाणं जिच्यातलं ती 'द साउंड ऑफ म्युझिक' ही संगीतिका रंगमंचावर येऊन वर्षही झालं नव्हतं. त्यांनी ते गाणं साडेतेरा मिनिटांहून जास्त फुलवलं. बंदिश दोन ओळींची आणि मैफल तासाची, हे ज्या गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या मुरलंय, तिथे याचं नवल वाटायला नको.

नेमकं बदलतं काय? पॉपला बहुधा सा-ग-प असा तीन स्वरांचा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरांचा गुच्छ, पुरतो. जॅझवाला त्यात नी मिसळतो. शुद्ध नी असला तर कॉर्ड निवांत बसतो. कोमल नी आला की पुढच्या कॉर्डकडे ओढ लागते. सरळ चालणाऱ्या लयीत पहिला स्वर लांबतो, दुसरा आखडतो, हाच स्विंग. बास गिटारच्या जागी डबल बास येतो आणि ठोक्यागणिक एकेक स्वर टाकत चालत राहतो. एवढं करून उपज, म्हणजे वाजवता वाजवता सुचलेला विस्तार, नसेल, तर माझ्या मते तो नुसता जुना पोशाख.

हे कसब गोव्यात आलं चर्चच्या शाळांतून. तिथे मुलं नोटेशन (लिहिलेले स्वर) वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकत. पोटापाण्यासाठी मुंबई गाठली की हॉटेलांचे बँड होतेच. 1935मध्ये लिऑन ॲबी यांचा अमेरिकी बँड ताजमध्ये वाजला, त्या काळात इथल्या वादकांनी जॅझ कानांनी टिपलं. हळदोण्याचे अँटोनियो झेवियर वाझ ट्रम्पेटवर 'चिक चॉकलेट' म्हणून गाजले. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांबरोबर त्यांनी 'अलबेला' या हिंदी चित्रपटासाठी (1951) काम केलं. मराठी संगीतकाराची चाल आणि गोवेकराचा ब्रास, हा संगम आजही पाय थिरकवतो. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे अरेंजर चित्रपटगीतांसाठी एकेका वाद्याचे स्वर कागदावर उतरवत. अशा अनेकांची नावं श्रेयनामावलीत क्वचितच आली, याची खंत वाटते.

1968मध्ये संगीतकार शंकर-जयकिशन यांच्या 'रागा जॅझ स्टाईल' या अल्बममध्ये ओघ उलटा वाहिला: चाली रागांच्या, बाज जॅझचा, आणि वादकांत गोवेकर. त्याच सुमारास मडगावचे संगीतकार क्रिस पेरी गायिका लोर्ना यांच्या आवाजातून कोकणी गाण्यात स्विंग आणत होते. ती गाणी 'नाचोंया कुंपासार' या कोकणी चित्रपटासाठी नव्यानं ध्वनिमुद्रित झाली आणि तरुणांनी ती पुन्हा उचलून धरली.