प्रश्नानंतरचा एक सेकंद

शिक्षक प्रश्न विचारतात, दोन-तीन हात वर होतात, त्यातल्या एकाचं नाव घेतलं जातं, उत्तर येतं, ‘बरोबर’ म्हणून धडा पुढे सरकतो. उरलेल्या मुलांना काय समजलं, हे यात कुठेच कळत नाही. फळ्यापासून चॅटबॉटपर्यंत वर्गात आलेलं जवळजवळ प्रत्येक साधन याच क्रमात येऊन बसलं आहे. तंत्रज्ञानाच्या जबाबदार वापराची चर्चा करायची, तर आधी हा क्रम समजून घ्यावा लागतो.

त्याची मोजदाद जुनी आहे. रोमिएट स्टीव्हन्स यांनी १९१२ मध्ये अमेरिकेतल्या माध्यमिक वर्गांतले तास लघुलेखकांकडून शब्दशः उतरवून घेतले. शिक्षक दिवसाला सरासरी ३९५ प्रश्न विचारत होते. शाळा सहा तासांची धरली तरी मिनिटाला एकाहून अधिक. या वेगात नाव, साल, व्याख्या एवढंच उत्तरात येऊ शकतं. ‘असं का झालं?’ याला जागाच उरत नाही. पुढे १९६० च्या दशकात नेड फ्लँडर्स यांनी दर तीन सेकंदांनी वर्गातल्या बोलण्याची नोंद दहा प्रकारांत करायची पद्धत रूढ केली. निष्कर्ष असा, की तासाचा दोन-तृतीयांश वेळ कोणीतरी बोलत असतं आणि त्या बोलण्यातला दोन-तृतीयांश वाटा शिक्षकांचा असतो. सिंक्लेअर आणि कूल्टहार्ड यांनी १९७५ मध्ये या देवाणघेवाणीचे तीन टप्पे मांडले: सुरुवात, प्रतिसाद, अभिप्राय.

मात्र या तीन टप्प्यांच्या मधल्या शांततेकडे लक्ष वेधलं ते अमेरिकी शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी. विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती तपासताना त्यांना दिसलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभर थांबतात. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर प्रश्न पुन्हा विचारतात, सोपा करतात किंवा दुसऱ्या मुलाकडे वळतात. मुलाचं उत्तर आल्यावर तर सेकंदही जात नाही. रो यांनी या दोन्ही जागा वेगळ्या मोजल्या. दोन्हीकडे किमान तीन सेकंद थांबलं, की उत्तरं कित्येक पट लांब होतात, ‘माहीत नाही’ कमी होतं, मुलं कारणं देऊ लागतात, एकमेकांच्या म्हणण्यावर बोलतात आणि एरवी गप्प असणारेही तोंड उघडतात. उत्तरानंतरचा थांबा विशेष मोलाचा आहे, कारण मूल पहिल्या वाक्यानंतर श्वास घेतं आणि विचाराचा दुसरा भाग त्यानंतर येतो. आपण ‘छान!’ म्हटलं की तो भाग गिळला जातो.

त्यांच्या नोंदींतली एक गोष्ट मनाला लागते. ज्यांना शिक्षक हुशार समजत, त्यांच्यासाठी ते जवळपास दोन सेकंद थांबत. ज्यांना कच्चं समजत, त्यांच्यासाठी एक सेकंदही नाही. ज्याला वेळ जास्त हवा, त्यालाच तो कमी मिळत होता, आणि हे कोणी जाणूनबुजून करत नव्हतं.

प्रत्यक्षात तीन सेकंद शिक्षकाला फार लांब वाटतात. सवय लागेपर्यंत मनात आकडे मोजावे लागतात. नेहमीच्या चुकाही ठरलेल्या आहेत. मुलाचं नाव आधी घेऊन प्रश्न नंतर विचारला, की बाकीचा वर्ग विचार थांबवतो. शांततेत प्रश्न वेगळ्या शब्दांत मांडला, की मुलांसमोर दोन प्रश्न उभे राहतात. आणि प्रत्येक उत्तर शिक्षकांनीच मोठ्याने पुन्हा म्हटलं, तर मुलं एकमेकांचं ऐकणं सोडून देतात.

शिकवण्याच्या यंत्रांचा प्रवाह याला समांतर वाहत होता. मानसशास्त्रज्ञ सिडनी प्रेसी यांचं १९२० च्या दशकातलं यंत्र पर्यायांतून उत्तर निवडायला लावी. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५० च्या दशकात केलेल्या यंत्रात उत्तर स्वतः लिहायचं आणि मगच बरोबर उत्तर उघडायचं. ओळखणं आणि आठवून लिहिणं यातला हा फरक आजच्या प्रत्येक ॲपला लागू आहे. दोन्ही यंत्रांनी प्रत्येक मुलाला उत्तर द्यायला लावलं. मुलांचं आपसांतलं बोलणं मात्र त्यांत नव्हतं.

ते आणलं हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक माझूर यांनी. त्यांचे विद्यार्थी गणितं अचूक सोडवत. पण जड ट्रक आणि हलकी मोटार यांची टक्कर झाली तर कोणाचं कोणावरचं बल जास्त, अशा साध्या प्रश्नांना अडखळत. (बल दोन्हीकडे सारखंच असतं.) अशी चाचणी दिली तेव्हा वर्गातून विचारणा झाली, की उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहायची, की आम्हाला वाटतं तशी? १९९१ पासून माझूर यांनी तासाची रचनाच बदलली. प्रश्न द्यायचा, एक-दोन मिनिटं एकट्याने विचार, मग प्रत्येकाचं मत. बरोबर उत्तरं ३० टक्क्यांहून कमी आली तर मुद्दा पुन्हा शिकवायचा. ७० च्या वर गेली तर थोडक्यात उलगडून पुढे जायचं. या दोन्हींच्या मधे असतील तर दोन-तीन मिनिटं शेजाऱ्याशी चर्चा आणि पुन्हा मत. चुकीचे पर्याय मुलांच्या खऱ्याखुऱ्या गैरसमजांतून घ्यावे लागतात, नाहीतर प्रश्न फुकट जातो. पहिल्या फेरीचा आलेख चर्चेआधी दाखवू नये. सर्वांत उंच रकान्याकडे सगळे झुकतात.

मत नोंदवायला आधी हातात धरायची कार्डं होती, नंतर क्लिकर, म्हणजे बटण दाबून उत्तर नोंदवायची छोटी उपकरणं, आले. नॅथॅनिएल लास्री यांनी २००८ मध्ये दोन्हींची तुलना प्रसिद्ध केली, तेव्हा संकल्पना समजण्यात लक्षणीय फरक दिसला नाही. क्लिकरने मोजणी सोपी केली आणि नोंद जपली. ही जपलेली नोंदच पुढे जबाबदारीचा विषय ठरली. कोणत्या मुलाने केव्हा काय चुकवलं, ती माहिती कोणाकडे, किती काळ राहते? तासापुरतं मत हवं असेल तर नावाची गरज नसते, टोपणनाव पुरतं.

फोनवरच्या कित्येक प्रश्नमंजुषा झटपट उत्तराला जादा गुण देतात. म्हणजे रो यांनी मिळवून दिलेला वेळ ॲप परत काढून घेतं. असं ॲप वापरायचंच असेल तर सेटिंगमध्ये वेगाचे गुण आणि क्रमवारी बंद करता येते का, ते आधी पाहावं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि उत्तराआधीचा थांबा जवळपास नाहीसाच झाला. मजकूर यंत्राने लिहिला का, हे ओळखण्यासाठी चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच काढलेलं साधन अचूकता कमी असल्याने जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं गेलं, त्यामुळे पकडापकडीवर धोरण उभं करणं धोक्याचं आहे. युनेस्कोने २०२३ च्या मार्गदर्शनात अशा साधनांच्या वर्गातल्या वापरासाठी किमान १३ वर्षं वयाची मर्यादा सुचवली. वर्गात क्रम स्किनर यांचाच ठेवता येतो. मुलाने आधी आपलं उत्तर कागदावर लिहायचं, मग यंत्राचं वाचायचं, दोन्हींत फरक कुठे आहे तिथे खूण करायची आणि कोणतं का पटलं ते शेजाऱ्याला सांगायचं. पहिला कागद शिक्षकांनी गोळा करायचा, कारण मुलाचा मूळ गैरसमज त्याच कागदावर सापडतो.