घाट उतरताना न्यूट्रल केलं की पेट्रोल वाचतं?

‘घाट उतरताना बाइक न्यूट्रलला टाका, टाकी जास्त पुरते’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. कार्ब्युरेटरच्या काळात त्यात थोडं तथ्य होतं. आताच्या फ्युएल इंजेक्शनवाल्या (कॉम्प्युटरच्या हिशोबाने पेट्रोल सोडणाऱ्या) दमदार बाइकवर बहुधा उलटंच घडतं. कुंभार्ली घाटातून चिपळूणकडे उतरताना गिअरमध्येच थ्रॉटल पूर्ण सोडला की चाकच इंजिन फिरवतं. ईसीयू (इंजिनचा छोटा कॉम्प्युटर) इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारा भाग, बंद करतो, पेट्रोल जातच नाही. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू राहायला पेट्रोल जळतंच, शिवाय सगळा भार ब्रेकवर. (पावसाळ्यातल्या ओल्या वळणांवर तर तो नकोच.)

मीटरवर त्या क्षणाचं मायलेज दिसत असेल तर स्वतःच बघा: गिअरमध्ये आकडा टोकाला जातो किंवा नुसत्या रेघा येतात. आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) आयडलजवळ, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असतानाच्या पातळीजवळ, आला की इंजेक्टर पुन्हा सुरू होतो.