उपदेशाची तयारी म्हणजे मनन नव्हे

ख्रिस्ती पाळकांच्या शिबिरात कुणीतरी तरुण पाळक उठून सांगतो, "मी रोज दोन तास वचनात असतो." मी विचारतो, कुठल्या भागात? उत्तर येतं, "येत्या रविवारच्या." मग ते दोन तास तयारीचे झाले, मननाचे नाही; मनन म्हणजे शास्त्र स्वतःसाठी वाचून त्यावर थांबणं. इतक्या जणांना हे तोंडी सांगून झालंय की आता एकदा लिहूनच टाकतो.

उपदेशाची तयारी कशी असते हे पाळकाला सांगायला नको. शास्त्रभाग निवडायचा, मागचापुढचा संदर्भ बघायचा, कॉमेंटरी चाळायची, तीन मुद्दे काढायचे, प्रत्येकाला एक दाखला शोधायचा, शेवटाला जुळेल असं 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातलं गीत ठरवायचं. शनिवारी रात्री नेमकी कुणाच्या तरी घरी मयत होते आणि तिसरा मुद्दा रविवारी आंघोळ करताना सुचतो. हे सगळं तुम्ही करताच, आणि बरंही करत असाल.

मननाचे आणि तयारीचे बारीकसारीक फरक एका दमात सांगतो. तयारीला टेबल लागतं, मननाला सतरंजीही चालते. तयारीला मुदत असते, मननाला नसते. तयारी संपल्याचं कळतं, मननाचं सहसा कळत नाही. बस्स. पहाटे चारला उठावं की साडेपाचला, गुडघे टेकावेत की मांडी घालावी, यावर शिबिरांमध्ये अख्खी सत्रं जातात आणि मला तेव्हा बाहेर चहाला जावंसं वाटतं. येशू मोठ्या पहाटे उठून एकांतात प्रार्थनेला गेला हे मार्काच्या पहिल्या अध्यायात आहे, मला मान्य आहे. तरी सगळा घोटाळा घड्याळात नाहीच. तो आहे वचनाचा रोख कुणाकडे आहे, यात.

बायबलमधल्या दुसऱ्या शमुवेलाचा बारावा अध्याय घ्या. दावीद राजाने आपल्या सैनिकाची, उरीयाची बायको घेतली आहे आणि त्याला लढाईत मारवलं आहे. नाथान संदेष्टा दाविदाकडे येतो आणि गोष्ट सांगतो: एका गावात दोन माणसं, एक श्रीमंत, एक गरीब. गरिबाकडे एकच कोकरी, ती त्याच्या ताटातलं खायची, त्याच्या कुशीत निजायची. श्रीमंताकडे पाहुणा आला, तर त्याने स्वतःचं जनावर न कापता गरिबाची कोकरी नेली. दावीद संतापतो, त्या माणसाला मरणदंड व्हावा म्हणतो, चौपट भरपाईचा हुकूम सोडतो. तेव्हा नाथान म्हणतो, "तो मनुष्य तूच आहेस."

हा भाग मी एकदा उपदेशासाठी वाचला तेव्हा वहीत उतरलेले मुद्दे असे होते: पाप लपत नाही, देव कुणाच्या तरी तोंडून बोलतो, पश्चात्तापाला क्षमा आहे. तिन्ही बरोबर. मंडळीला आवडले. पण त्या चार दिवसांत मी नेमका दाविदाच्या जागी बसलो होतो हे ध्यानातच आलं नाही. दाविदानेही गोष्ट ऐकली, तिचा अर्थ अचूक लावला, योग्य ते लागूकरणसुद्धा केलं, फक्त दुसऱ्या कुणावर. कोकरीची गोष्ट ऐकून चौपट भरपाईचा कलम काढणारा दावीद हा आमच्या धंद्यातला पहिला नमुनेदार उपदेशक म्हणायला हरकत नाही.

त्या आठवड्यात जेवताना बायकोने विचारलं, "अहो, या भागातून काय मिळालं?" मी तिन्ही मुद्दे सांगितले. ती वरण वाढता वाढता म्हणाली, "हे मंडळीला झालं. तुम्हाला काय मिळालं?" मी त्याच आठवड्यात मंडळीतल्या एका वडीलधाऱ्याला सगळ्यांदेखत गप्प केलं होतं, आणि ते तिला माहीत होतं. माझ्या वहीत त्या माणसाचं नाव कुठेच नव्हतं. असणार कसं? उपदेशाच्या वहीत अशी नावं लिहीत नाहीत.

हा फरक ओळखायची खूण मराठीने आपल्याला फुकट दिली आहे. उपदेश 'आपण' या शब्दावर चालतो: आपण सर्वांनी, आपल्या जीवनात, आपल्याला ठाऊक आहे. चांगला शब्द आहे, बोलणाऱ्यालाही आत घेतो. पण त्यात बोलणारा इतका आरामात मावतो की तो सापडतच नाही. मननात 'आपण' आला की समजावं, मन उपदेशपीठावर चढलं. तिथे 'मी' लागतो, आणि समोर 'तू'. तुकोबांचे अभंग असे 'मी' आणि 'तू'मधले आहेत. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक ख्रिस्ताकडे तुकोबांच्या पुलावरून आलो असं म्हणत. मला वाटतं, त्या पुलाचा मोठा हिस्सा या दोन सर्वनामांचा असावा.

कुणी शंका काढेल की प्रभूची प्रार्थना तर 'आमच्या' शब्दाने सुरू होते. होय, आणि तीसुद्धा खोलीत जा, दार लावून घे, असं सांगितल्यावर लगेच तीनच ओवींनंतर. पण 'आमच्या' म्हणजे मी भावंडांबरोबर बापापुढे उभा आहे. 'आपण' म्हणजे मी भावंडांकडे तोंड करून उभा आहे. बापाकडे पाठ कुणाची झाली, बघा.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पाळक म्हणतात, वचन एकच, मग दोन वेळा दोन भांडी कशाला? जे मला मिळालं तेच मी वाढतो. याला ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरने 1841 साली उत्तर देऊन ठेवलंय. अनाथाश्रमांसाठी ओळखला जाणारा हाच तो म्यूलर, आणि केडगावच्या पंडिता रमाबाईंनी आपल्या साक्षीत ज्याच्याबद्दल वाचल्याचं नमूद केलंय तोच. आधी निदान दहा वर्षं तो सकाळी कपडे केले की थेट प्रार्थनेला बसायचा आणि पहिला बराच वेळ मन भटकण्यातच जायचा. मग त्याने क्रम बदलला: आधी वचन वाचायचं, त्यावर थांबायचं, आणि त्यातूनच प्रार्थनेला लागायचं. आणि त्याने स्पष्ट लिहिलं की हे वाचन उपदेशासाठी नाही, स्वतःच्या आत्म्याच्या अन्नासाठी आहे. पुढे हेही लिहिलं की तेच अन्न बहुतेक वेळा आज ना उद्या इतरांच्या उपयोगी पडतं, पण मी त्यासाठी बसलो नव्हतो. म्हणजे मननातून उपदेशाकडे वाट आहे. उपदेशातून मननाकडे ती आपोआप येते, असं समजणं ही चूक. स्वयंपाक्याने चव घेतली म्हणजे तो जेवला असं होत नाही.

आता करायचं काय? मार्टिन लूथरने 1535 मध्ये आपल्या पेत्र नावाच्या न्हाव्याला प्रार्थनेची रीत लिहून पाठवली होती. (त्यातच तो म्हणतो की चांगल्या न्हाव्याचं लक्ष वस्तऱ्यावर आणि केसांवर असतं, गप्पांत रमला तर नाक कापेल.) दहा आज्ञांतली एकेक आज्ञा घ्यायची आणि तिचा चार पदरांचा हार करायचा: हिच्यातून शिकवण काय, उपकारस्तुती कशाबद्दल, पापकबुली कशाची, आणि मागणं काय. उपदेशाची तयारी पहिल्या पदरावर थांबते. बाकीचे तीन पदर 'मी'शिवाय ओवताच येत नाहीत. पाळकांसाठी मला यापेक्षा सोपी रीत सापडलेली नाही, आणि ती न्हाव्यासाठी लिहिलेली आहे.

माझे स्वतःचे नियम कडक आहेत, घ्यायचे तर घ्या. रविवारचा शास्त्रभाग पहाटेच्या वाचनात वर्ज्य. भाग स्वतः निवडायचा नाही, कारण पाळक निवडायला बसला की उपदेशाला सोयीचंच निवडतो. म्हणून ठरलेला क्रम हवा. मी स्कॉटलंडमधल्या डंडीच्या मॅकशेन या पाळकाने 1842 मध्ये आपल्या मंडळीसाठी केलेला पाळतो. वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. कागदी शास्त्र, मोठ्याने वाचन. मोबाइल दुसऱ्या खोलीत. 'आजचे वचन' गुलाबांच्या चित्रासह सकाळी सहाला चाळीस ग्रुपवर पाठवणारे पाळक मला कळत नाहीत. सहाला पाठवलंत तर वाचलंत कधी? उघड्या शास्त्राशेजारी कॉफीचा मग ठेवून काढलेल्या फोटोवर तर मी बोलणारच नाही. कॅथलिक धर्मगुरूंना रोजच्या ठरलेल्या प्रार्थना म्हणणं त्यांच्या नियमाने बंधनकारक आहे. आमचे लोक त्याला 'यांत्रिक' म्हणून हसतात. मला हेवा वाटतो.

एक सवलत मात्र ठेवली आहे. वाचताना उपदेशाचा मुद्दा सुचणारच, डोकं तसं घडलेलं आहे. तो हाकलत बसलं तर तोच डोक्यात घोळतो. म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर एका ओळीत टिपायचा आणि गुरुवारपर्यंत ते पान उघडायचं नाही.

आज क्रमात लेवीयचा तेरावा अध्याय होता. एकोणसाठ ओव्या, बहुतेक त्वचेवरच्या चट्ट्यांबद्दल: याजकाने पाहावं, सात दिवस वेगळं ठेवावं, पुन्हा पाहावं. याच्यावर उपदेश कुणी मागणार नाही, म्हणून निवांत वाचत होतो. विसाव्या ओवीच्या सुमारास सुचलंच: याजक सगळ्यांची कातडी तपासतो, पण याजकाची कोण तपासतो? मुद्दा चांगला आहे. शेवटच्या पानावर टिपला, पान मिटलं, आणि पुन्हा पहिल्या ओवीपासून सुरुवात केली.